मामांच्या टेम्पोचं पासिंग

आज मामांचा छोटा हत्ती (छोटा टेम्पो) पासिंगला, म्हणजे आरटीओच्या फिटनेस तपासणीला, घेऊन गेलो. चादरी, टॉवेल वाहणारी गाडी, तिच्यावरच घर चालतं. फी आणि अपॉइंटमेंट परिवहनच्या वेबसाईटवर आधीच घेतली होती, एजंट लागला नाही.

नियम सोपा आहे. मालवाहू गाडी 8 वर्षांची होईपर्यंत फिटनेस दर 2 वर्षांनी, नंतर दरवर्षी. घरच्या कारला 15 वर्षांनी, पुढे दर 5 वर्षांनी. विमा, पीयूसी चालू हवी.

गाडीच्या सांगाड्यावर कोरलेल्या चेसिस नंबरचा ठसा घ्यायला त्यावर कागद ठेवून पेन्सिल घासली, तर आधी नुसता गंज उमटला. मामांनी रॉकेलच्या बोळ्याने पुसलं, मग आकडे दिसले. ब्रेक, हेडलाईट, इंडिकेटर, वायपर सगळं बघतात. मागची लाल रिफ्लेक्टर पट्टी फाटली होती, ती आधीच बदलली होती.

ही पट्टी मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. पुढे पांढरी, बाजूला पिवळी, मागे लाल. आपल्याकडे गाळप हंगामात पंढरपूर, अक्कलकोट रस्त्यावर रात्री उसाची ट्रॉली अगदी जवळ आल्यावर दिसते. एमएच 13 वाल्या सोलापूरकरांनो, पासिंगची वाट बघू नका, पट्टी आजच लावा. ट्रॉलीवाला ओळखीचा असेल तर त्यालाही सांगा.