मांडीवरची शेगडी

लॅपटॉप या नावातच लबाडी आहे. लॅप म्हणजे मांडी, आणि सोबत आलेल्या पुस्तिकेत बहुतेक वेळा बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, की हे यंत्र फार वेळ मांडीवर ठेवू नका. पुस्तिका कुणी वाचत नाही. भोगते ती मांडी. रोज तासन्‌तास शेक बसला की कातडीवर तांबूस-तपकिरी जाळी उमटते. वैद्यकात तिला एरिथिमा अ‍ॅब इग्ने म्हणतात. पूर्वी शेगडीला खेटून बसणाऱ्यांना ती व्हायची. त्यासाठी भाजावं लागत नाही. ४५ अंशांच्या आसपासचा, सोसवेल असा शेक रोज मिळाला की पुरे.

तापल्याबद्दल लॅपटॉपवर चिडण्यात मात्र अर्थ नाही. प्रोसेसर, म्हणजे आकडेमोड करणारी मुख्य चिप, ४५ वॅट वीज खात असेल, तर जवळजवळ तेवढीच उष्णता बाहेर टाकणार. ती कुठल्या वाटेने जाते आणि कुठे अडते, एवढंच बघायचं. वाट मोठी सुरेख असते. चिपवर उष्णता वाहून नेणाऱ्या पेस्टचा पातळ थर, त्यावर तांब्याची पट्टी, पट्टीला जोडलेली चपटी नळी. नळीतली हवा काढून आत जरासं पाणी भरलेलं असतं. तापल्या टोकाला त्याची वाफ होते, वाफ गार टोकाकडे धावते, तिथे पुन्हा पाणी होऊन आतल्या अस्तरातून झिरपत माघारी येते. पंप नाही, मोटार नाही. गार टोकाला पातळ पत्र्यांची जाळी, आणि तिच्यातून वारा ढकलणारा पंखा.

म्हणून वैद्याने नाडी बघावी तसा आधी झरोक्यापाशी तळहात धरावा. वारा जोरात आणि कढत येत असेल तर वाट मोकळी आहे, यंत्र राबतंय. कंट्रोल-शिफ्ट-एस्केप दाबून विंडोजचा टास्क मॅनेजर उघडा, सीपीयूच्या, म्हणजे प्रोसेसरच्या, रकान्यावर क्लिक करा. कोण राबवून घेतंय ते सगळ्यात वर दिसेल. बहुधा ब्राउझरचा एखादा विसरलेला टॅब. वारा दुबळा आणि अंग मात्र तापलेलं, तर जाळी तुंबली आहे. वारा जोरात पण कोमट, आणि तापमान मोजणारं सॉफ्टवेअर ९५ अंश दाखवतंय, तर उष्णता जाळीपर्यंत पोचतच नाही: पेस्ट वाळली आहे. बहुतेक प्रोसेसरांची सोसायची हद्द ९५ ते १०५ अंशांच्या दरम्यान असते. तिथे पोचले की ते स्वतःच वेग उतरवतात, आणि ‘लॅपटॉप म्हातारा झाला’ अशी हाकाटी सुरू होते.

तुंबलेली जाळी एकदा तरी डोळ्यांनी बघावी. पंखा आणि पत्रे यांच्या फटीत धूळ आणि केस दाबून दाबून त्यांची चक्क घोंगडी विणली गेलेली असते, चिमट्याने धरली तर एकसंध निघते. बाहेरून हवा मारून ती जात नाही. आत ओढणाऱ्या झरोक्यातून मारली तर पत्र्यांवर आणखी घट्ट बसते, उलटीकडून मारली तर पंख्यात येऊन अडकते. मागचं झाकणच उघडायला हवं. लॅपटॉप पूर्ण बंद, चार्जर काढलेला. स्क्रू निघतील तसे कागदावर त्याच मांडणीत ठेवा, कारण त्यांची लांबी सारखी नसते आणि लांब स्क्रू आखूड जागी पिळला तर आतलं काहीतरी दुखावतो. पहिलं काम बॅटरीचा कनेक्टर सोडवणं, तोही तारा न ओढता. दाबलेल्या हवेचा डबा उभाच धरायचा, आणि फुंकताना पंख्याची पाती बोटाने अडवायची. भिरभिऱ्यासारखा फिरू दिलात तर बेअरिंग झिजतं. तोंडाने फुंकू नये, थुंकी उडते. पंखा आणि जाळीच्या सांध्यावरची पट्टी परत चिकटवायला मात्र विसरतात सगळे, आणि मग निम्मा वारा तिथूनच गळतो.

पेस्टचं काम नाजूक. तांब्याच्या पट्टीचे स्क्रू साधारण १ ते ४ असे क्रमांकित असतात. उघडताना उलट क्रमाने, प्रत्येक थोडाथोडा सैल करत. जुनी पेस्ट ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसायची. नवी तांदळाच्या दाण्याएवढी, पण चिप पूर्ण झाकेल अशी पसरून. जास्त लावली तर जास्त गार, हा समज खोटा. पेस्ट हवेपेक्षा शेकडो पटींनी बरी वाहक असली तरी तांब्याच्या पासंगालाही पुरत नाही. तिने फक्त फटी बुजवायच्या. बाजूच्या मऊ थर्मल पॅडची जाडी बदलू नये. अर्ध्या मिलिमीटरने जाड पॅड लावला तरी पट्टी चिपवर नीट टेकत नाही.

एवढं करायचं नसेल तर मागची बाजू दोन-तीन सेंटीमीटर उचलून ठेवा. गादी आणि उशी नको, खालचा झरोका त्यात बुडतो. विंडोजच्या पॉवर ऑप्शन्समध्ये मॅक्सिमम प्रोसेसर स्टेट १०० वरून ९९ केलं की बऱ्याच यंत्रांतला टर्बो वेग, म्हणजे प्रोसेसरची जादा दौड, बंद होतो. लिहिण्या-वाचण्यात फरक कळतही नाही, पंखा मात्र शांत होतो.

आणि ट्रॅकपॅड वर उचलल्यासारखा वाटला, झाकण नीट बसेना, तर धुळीचा विचार सोडा. बॅटरी फुगली आहे. चार्जर काढा, यंत्र बंद करा, दाबून बसवायचा मोह आवरा आणि ती बदलून घ्या.