पैलतीराचा आठवडा

सकाळी चहा घेऊन गॅलरीत गेले तर सूर्य बरोब्बर आमच्या गल्लीच्या टोकाला. जूनमध्ये हाच पार डावीकडे, शाळेच्या इमारतीमागून वर यायचा. मग तारीख बघितली, 23 सप्टेंबर, अच्छा, म्हणजे शरद संपात, सूर्य ठीक पूर्वेला उगवायचा दिवस!

पेपरात दरवर्षी येतं की आज दिवस-रात्र समान, पण ते तितकंसं खरं नाही, कारण सूर्याची नुसती वरची कड दिसली की उगवला म्हणतात आणि हवेतून प्रकाश वाकतो तो वेगळाच, त्यामुळे आपल्याकडे आज दिवस सहा-सात मिनिटं मोठाच असतो. खरी बरोबरी होते आठवडाभराने.

उत्साहात दुपारी साडेबाराला गच्चीवर मीटरभर काठी उभी केली. जुन्या ज्योतिषात 12 अंगुळांचा शंकू उभा करायचे, आणि संपाताच्या दिवशी भर माध्यान्हीला त्याची सावली पडेल ती त्या गावाची पलभा. पुण्याची साधारण 4 अंगुळं. तेवढ्यावरून गावाचा अक्षांश निघतो! माझ्या काठीची सावली 33 सेंटिमीटरच्या आसपास भरली, हिशोबाने बरोबर. मुलगी म्हणाली, आई गूगल कर ना.

पण संपात म्हटलं की मला आठवतं जपान. ऑफिसच्या कामाने दोन वर्षं तिकडे होते. संपाताचा दिवस मधे धरून मागचे-पुढचे तीन-तीन असे सात दिवस ते 'हिगान' पाळतात. हिगान म्हणजे चक्क पैलतीर! सूर्य या दिवशी ठीक पश्चिमेला मावळतो आणि अमिताभ बुद्धाची सुखावती, म्हणजे त्याचा स्वर्ग, पश्चिमेलाच, म्हणून या दिवसांत गेलेल्या माणसांची आठवण. लोक कुटुंबाच्या थडग्यांवर जातात, दगड धुऊन काढतात, फुलं वाहतात. 1948 पासून संपाताची सरकारी सुट्टीही आहे आणि तिची तारीख खगोलशास्त्रज्ञांच्या गणितावरून आदल्या वर्षीच्या फेब्रुवारीत जाहीर होते, हे मला फारच आवडलं.

शेताच्या बांधांवर तेव्हा हिगानबाना फुलतं, एकही पान नाही, जमिनीतून थेट दांडा आणि वर लालभडक फूल. कंद विषारी, उंदरांनी बांध पोखरू नये म्हणून मुद्दाम लावलेले. शेजारच्या आजींनी ओहागी आणून दिले होते, चिकट भाताचा गोळा आणि वरून अझुकी नावाच्या लाल कडधान्याचं गोड पुरण. खाताना सारखी घरची पितरांची खीर आणि कावळ्याची वाट बघणारे बाबा आठवत होते.

आपला पितृपक्ष तिथीवर, त्यामुळे तो पुढे-मागे सरकतो, त्यांचं हिगान सूर्याला बांधलेलं. तिकडे म्हण आहे, उकाडा काय नि थंडी काय, हिगानपर्यंतच. इकडे उलटं, ऑक्टोबर हीट आता कुठे सुरू होणार!

मला वाटायचं आपल्याकडे सूर्यावर मोजलेलं संक्रांत सोडली तर काहीच नाही. पण शेतकऱ्यांची पावसाची नक्षत्रं सूर्याचीच की. सध्या उत्तरा चालूय, 'पडतील उत्तरा तर भात खाईना कुत्रा', आणि चारेक दिवसांनी सूर्य हस्तात गेला की हादगा. आजी त्याच दिवशी पाटावर हत्ती काढायची, नवरात्राची वाट न बघता.

संध्याकाळी धो धो पडला. काठी गच्चीवरच राहिली.