आमची वाटचाल : गोणपाट, टॉर्च आणि जुन्या गाड्या

कोल्हापुरात उद्यमनगरच्या एका गाळ्यात आमचा जुन्या मोटारसायकली घ्यायचा-विकायचा धंदा सुरू झाला तो एका यामाहा आरएक्स १०० वर, आणि पहिला फटकाही तिनंच दिला. ९८ सीसीचं टू-स्ट्रोक इंजिन, ११ हॉर्सपॉवर, १९९६ पासून बनायची बंद. आमच्या गावाला या गाडीचं वेड किती ते मी सांगायला नको. सायलेन्सरचा आवाज ऐकला, हरखलो, रोख पैसे मोजले. आरसीवर बँकेच्या कर्जाचा बोजा चढलेला आहे हे नंतर दिसलं. कर्ज कधीच फिटलं होतं म्हणे, पण बोजा उतरवायला लागणारा फॉर्म ३५ बँकेकडून कुणी घेतलाच नव्हता, आणि मूळ मालक गाव सोडून गेलेला. आठ महिने गाडी ताडपत्रीखाली. बोजा उतरेपर्यंत माझ्या चपला झिजल्या.

तेव्हापासून आधी कागद, मग किक. गाडी नावावर करायच्या फॉर्म २९ आणि ३० वरची सही माझ्यासमोर व्हायची. चेसिस नंबरावर कागद धरून पेन्सिल घासायची आणि उमटलेले आकडे आरसीशी एकेक करून ताडायचे.

मधली काही वर्षं नुसत्या स्प्लेंडर आणि प्लॅटिना घेतल्या-विकल्या. पोट त्यांनीच भरलं, पण त्यात सांगण्यासारखं काही नाही.

२०१९ ला हिरोची एक्सपल्स २०० आली, कच्च्या रस्त्यावर, दगडधोंड्यांत पळवायची गाडी. पुढचं चाक २१ इंची, मागचं १८ इंची, जमिनीपासून उंची २२० मिलिमीटर. दोन-तीन वर्षांत तीच गाडी सेकंडहँड होऊन आमच्या दारात यायला लागली, आणि प्रत्येक विकणारा एकच सांगायचा, "मालक, नुसती ऑफिसला जात होती बघा."

मी काही बोलत नाही. गोणपाट अंथरतो, टॉर्च घेऊन खाली झोपतो. इंजिनखालच्या पत्र्यावर दगडाचे ओरखडे असतातच, त्याचं काही नाही. पत्रा आत दबून इंजिनला टेकला असेल तर मात्र भाव पडला. मग एअर फिल्टरचं झाकण काढायचं. कोपऱ्यात लाल माती असली तर गाडी राधानगरी-गगनबावड्याकडं फिरलेली, काळी असली तर शिरोळच्या रानातली. ऑफिसात कुठलीच माती नसते. स्पोकवर पान्यानं टकटक केली की घट्ट स्पोक खणखणतो, ढिला नुसता ठक्क वाजतो. पुढचं चाक उचलून हँडल हळू फिरवायचं. बरोबर मध्यावर आलं की अडकत असेल तर कोनसेट, म्हणजे हँडलचं बेअरिंग, गेला. मागचं चाक दोन्ही बाजूंना हलवून बघायचं, चिमट्याचे, म्हणजे मागचं चाक धरणाऱ्या दांड्याचे, बुश तिथं बोलतात.

आणि रंग बघून गाडी घेणाऱ्याला देवच वाचवो.

दोनेक वर्षांपूर्वी एक कॉलेजचा पोरगा आला. मोबाईलवर स्पेनच्या तोनी बोऊचा व्हिडिओ दाखवत म्हणाला, "मामा, असली जुनी गाडी मिळवून द्या." ट्रायलची गाडी ती, म्हणजे पाय न टेकता खडकांवरून गाडी न्यायच्या शर्यतीची, आणि बोऊ त्यातला जगज्जेता. बसायला सीट नाही, वजन सत्तर किलोच्या आसपास, दगडावरून दगडावर उडी. पाय टेकला की गुण चढतो, आणि ज्याचे गुण कमी तो जिंकतो. तसली गाडी मी कुठून आणू? एक्सपल्स दीडशे किलोची, ती त्याला झेपणारी नव्हती.

शेवटी कोपऱ्यातली ती आरएक्सच दिली. कागद आता स्वच्छ होते. शेजारच्या लेथवाल्याकडून चेनचं मागचं दातेरी चक्र मोठं करून घेतलं, म्हणजे गाडी चालीच्या वेगानं दगड चढते. सीट काढली, टायरमधली हवा कमी केली. पोरगा रोज पहाटे नदीकाठच्या खडकांवर.

गेल्या महिन्यात तो गाडी विकायला आला. टाकी पुसलेली, सीट परत बसवलेली, नवी नंबरप्लेट. "मामा, चांगला भाव द्या. नुसती कॉलेजला नेत होतो."

मी गोणपाट अंथरलं.