तुम्ही विचारलंत म्हणून: इंजिन काढायचं की नुसतं हेडचं काम?

उन्हाळ्यात नांगरट्या सुरू झाल्या की कोणाचा ना कोणाचा फोन येतोच, "भाऊ, ट्रॅक्टर ओढूनच नाही राह्यला, गॅरेजवाला म्हणते फुल इंजिन करा लागते, काय करू?"

माझं उत्तर ठरलेलं आहे. आधी व्हॉल्व, म्हणजे हवा आत घेणाऱ्या आणि धूर बाहेर सोडणाऱ्या झडपा, पाहा. फुल इंजिन म्हणजे लायनर, पिस्टन, रिंगा, बेअरिंगा सगळं आलं, कापसाचे पैसे घरात यायच्या आधीच अर्धे तिथं जातात, आणि कितीतरी वेळा दुखणं नुसतं वरच्या हेडात, म्हणजे सिलिंडरवरच्या झाकणात असतं.

आमचाच सांगतो. मॅसी 1035, तीन सिलिंडर, सहा व्हॉल्व, बाबांनी घेतलेला. आर्णीकडची आमची जमीन काळी, भारी, मे महिन्यात ढेकळं दगडासारखी होतात, पण हा गडी दुसऱ्या गिअरात नांगर न्यायचा. एका वर्षी तो पहिल्यातच हाफायला लागला, सकाळी स्टार्ट घेईना, घेतला की पांढरा धूर. मलाही सांगण्यात आलं की इंजिन संपलं. मी म्हटलं थांबा, आधी पाहू तर द्या.

इंजिन स्लोवर ठेवून एकेका नोझलच्या (सिलिंडरात डिझेल फवारणाऱ्या) पाइपाचा नट थोडा ढिला केला (हात आणि डोळे लांब ठेवा, डिझेल जोरात उडतं). पहिला ढिला केला, आवाज पडला, म्हणजे तो सिलिंडर काम करत होता. तिसऱ्याचंही तसंच. मधला ढिला केला तर काहीच फरक नाही, म्हणजे मधलाच मेलेला. आता रिंगा की व्हॉल्व? ब्रीदरमधून (इंजिनाच्या पोटातली हवा सोडणारी नळी) धूर नव्हता, ऑइल कमी होत नव्हतं, म्हणजे रिंगा ठीक. मग डिझेल बंद करायचा स्टॉप ओढून ठेवला, पुढून पुलीला पाना लावून इंजिन हळूहळू फिरवलं आणि सायलेन्सरशी कान नेला तर आत फुस्स्स. एक्झॉस्टचा व्हॉल्व बसतच नव्हता, सगळं कॉम्प्रेशन तिकडून चाललं होतं.

हेड खोललं तर त्या व्हॉल्वच्या काठाला करंगळीच्या नखाएवढा तुकडा जळून गेलेला. आणि तो जळाला माझ्यामुळं, ट्रॅक्टरचा त्यात काही दोष नाही. महिनाभर आधी टॅपेट (व्हॉल्वला दाबून उघडणारा भाग) टकटक वाजत होता, तो आवाज मला सहन होईना म्हणून मी स्क्रू आवळून त्याला गप्प केलं. लोकांना हेच कळत नाही. एक्झॉस्ट व्हॉल्वची बहुतेक उष्णता तो सीटवर (हेडातल्या त्याच्या बैठकीवर) टेकतो तेवढ्या वेळात हेडात आणि तिथून पाण्यात जाते. टॅपेट आणि व्हॉल्वमध्ये गाळा, म्हणजे फट, ठेवलाच नाही तर व्हॉल्व तापून लांबतो, पूर्ण टेकत नाही, फटीतून जाळ निघत राहतो आणि काठ खातो. वाजणारा टॅपेट निदान सांगतो तरी, घट्ट टॅपेट गुपचूप जाळतो.

जळालेला व्हॉल्व घासून दुरुस्त होत नाही, त्या जागी नवीनच टाकला आणि त्याची सीट यवतमाळहून मशीनवर कापून आणली. गाइडमध्ये (व्हॉल्वची दांडी सरकते त्या नळीत) व्हॉल्व हलतो का तेही तिथंच पाहून घेतलं. बाकीचे पाच मात्र घरीच घासले. प्रत्येकाला नंबर टाकून ठेवायचा, ज्याची सीट त्यालाच. आधी जाडी पेस्ट, मग बारीक, आणि रबरी कपाची लाकडी काडी दोन्ही तळव्यांत धरून ताकाच्या रवीसारखी इकडून तिकडं फिरवायची, मधूनमधून उचलून जागा बदलायची. सुरुवातीला करकर असा खरबरीत आवाज येतो, मग तो मऊ होत जातो, आणि तो मऊ झाला की हातालाच कळतं. पुसून पाहिलं की काठावर चहूकडून सारखी, कुठंही न तुटलेली करडी पट्टी दिसली पाहिजे, जेमतेम दीड-दोन मिलिमीटरची. सगळा ट्रॅक्टर त्या पट्टीवर चालतो हो, मला अजूनही ती पाहिली की बरं वाटतं.

पेस्ट मात्र रॉकेलनं अगदी स्वच्छ धुवा, कणभर राहिली तरी लायनर खाईल. मग स्प्रिंगा-लॉक बसवून पोर्टात (व्हॉल्वमागच्या हवा-धुराच्या वाटेत) रॉकेल भरून ठेवा. आमचं रात्रभर ठेवलं, सकाळी खाली थेंब नव्हता.

हेड आवळताना मधून सुरू करून बाहेर जायचं, दोन-तीन फेऱ्यांत, टॉर्क पान्यानंच. टॅपेटचा गाळा आमच्या इंजिनाला थंड असताना 12 थाऊ (इंचाचा हजारावा भाग), म्हणजे 0.30 मिलिमीटर, तुमच्या ट्रॅक्टरचा पुस्तकात पाहून घ्या. आणि थोडे दिवस चालवल्यावर गास्केट दबते, गाळा कमी होतो, म्हणून रोटावेटरच्या कामाला भिडायच्या आधी टॅपेट कव्हर पुन्हा एकदा काढा आणि सहाही व्हॉल्वना फीलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) घालून पाहा.