आवकच्या एका शिक्क्यासाठी बावीस दिवस

आईच्या ग्रॅच्युइटीचे पैसे आले, प्रकरण मिटलं. पण कार्यालयात येणारे कागद घेऊन पोच देणाऱ्या त्या आवक खिडकीचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही, म्हणून लिहायला बसले.

आई सरकारी शाळेत शिक्षिका होती. ती निवृत्त झाल्यावर ‘पूर्वी जास्त वेतन दिलं गेलं’ असं सांगून ग्रॅच्युइटीतून मोठी रक्कम कापली. वेतन ठरवलं कार्यालयानं, चूक त्यांची, भुर्दंड मात्र आईला. मध्य प्रदेश हायकोर्टाच्या इंदूर खंडपीठात रिट, म्हणजे सरकारविरुद्धची याचिका, लावली. रफीक मसीह प्रकरणात सुप्रीम कोर्टानं 2014 सालीच निवृत्त आणि तृतीय श्रेणी कर्मचाऱ्यांकडून अशी वसुली करता येत नाही असं म्हटलेलं आहे. (तुमच्या माणसानं ‘जास्त मिळालेलं परत करीन’ असं हमीपत्र लिहून दिलंय का, ते आधी तपासा. आईनं दिलेलं नव्हतं.) आदेश झाला: या आदेशाची प्रमाणित प्रत (कोर्टानं शिक्का मारून दिलेली नक्कल) कार्यालयाला मिळाल्यापासून तीन महिन्यांत रक्कम व्याजासह परत करा.

आता ही प्रत ‘मिळाली’ हे सिद्ध कसं करायचं? आवकच्या शिक्क्यानं. आणि तोच मिळेना.

पहिल्या दिवशी बाबूनं कागद उलटसुलट केला, हायकोर्टाचं नाव वाचलं आणि परत सरकवला. “पहले साहब से मार्क करा के लाओ.” साहेब दौऱ्यावर. मंगळवारी गेले तर साहेब जनसुनवाईत, म्हणजे लोकांच्या तक्रारी ऐकायच्या बैठकीत. तिसऱ्या खेपेला तो म्हणाला, “रख दो, चढ़ा देंगे,” आणि मी मूळ प्रमाणित प्रत ठेवून घरी आले. आठवड्यानं विचारलं तर कागद कोणाकडेच नाही! पुन्हा नकलेसाठी अर्ज, पुन्हा वाट पाहणं. म्हणून सांगते, सुरुवातीलाच दोन प्रमाणित प्रती काढा आणि पोच हातात पडेपर्यंत खिडकी सोडू नका.

बाविसाव्या दिवशी आईही आली. तिचे गुडघे दुखतात, तरी बाकावर न बसता ती माझ्याशेजारी दीड तास उभी राहिली. शेवटी शिक्का पडला, पण तारखेचा आकडा अर्धाच उमटला. मी तिथेच थांबून आवक क्रमांक आणि तारीख पेनानं लिहून घेतली. त्याच दुपारी दुसरी प्रत साहेबांच्या नावे स्पीड पोस्टानं पाठवली आणि ट्रॅकिंगचं पान छापून ठेवलं. हे मी पहिल्याच दिवशी करायला हवं होतं.

तीन महिने उलटले, एक रुपया नाही. मग अवमान याचिका, म्हणजे कोर्टाचा आदेश पाळला नाही म्हणून केलेली याचिका. इथे लक्षात ठेवायचं ते हे की मुदत एक वर्षाची असते, आणि आमच्यासारख्या आदेशात ती पैसे द्यायचे तीन महिने संपले तिथपासून मोजली जाते. शिक्क्यावर तारीख नसती तर मोजणार कुठून? याचिकेत अधिकाऱ्याचं नाव घालावं लागतं, नुसतं पद चालत नाही. आमच्या साहेबांची मधेच बदली झाली, तेव्हा वकीलकाकांनी नव्या साहेबांनाही आदेशाची प्रत पाठवायला लावली.

पहिल्या तारखेला सरकारी वकील म्हणाले की आदेश कार्यालयाला मिळालाच नाही. वकीलकाकांनी पेनानं लिहिलेल्या क्रमांकाचं ते पान पुढे केलं आणि तो मुद्दा तिथेच संपला. मग ‘अपील विचाराधीन आहे’ हे कारण आलं. स्थगिती आणली आहे का, एवढंच कोर्टानं विचारलं. नव्हती.

कायद्यात शिक्षा फार नाही, सहा महिन्यांपर्यंत साधी कैद किंवा 2000 रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. पण नोटीस नावानं जाते, आणि त्यानंतर फाइल हलते हे मी स्वतः पाहिलं. पुढच्या तारखेआधी रक्कम खात्यात आली.

एक राहिलं. तुमचा आदेश ‘अर्जावर निर्णय घ्या’ एवढाच असेल तर सावध राहा. त्यांनी अर्ज फेटाळला तरी आदेश पाळला असं धरलं जातं, आणि त्या निर्णयाविरुद्ध नवी रिट लावावी लागते. आमच्या आदेशात ‘परत करा’ असं स्पष्ट होतं. तरीही व्याज दोन महिन्यांचं कमी लावलेलं आईनंच वहीत हिशेब मांडून पकडलं, आणि आदेश पाळल्याच्या अनुपालन अहवालावर सही होण्याआधी तेही भरून घेतलं.