रोजच्या सायकलवाटेवर पक्षी बघायचे तर

तारेवरचा वेडा राघू गाड्या जाताना जागचा हलत नाही, पण आपण खाली सायकल थांबवली की उडतो. एखादी गोष्ट एका वेगाने, सरळ रेषेत पुढे चालली आहे तोवर पक्ष्याला तिचं सोयरसुतक नसतं. वेग मोडला आणि तोंड त्याच्याकडे वळलं, की मात्र तो सावध होतो. म्हणून पक्षी दिसला तरी ब्रेक दाबायचा नाही. त्याच चालीत पुढे जायचं, वीस-पंचवीस मीटरवर कडेला थांबायचं, एक पाय जमिनीवर टेकवायचा आणि मग सावकाश मान वळवायची. सायकलवरून उतरायची घाई नको. माणूस आणि सायकल मिळून जो आकार दिसतो तो फुटला की पक्षी पुन्हा बिथरतो.

सायकलचे आवाजही घात करतात, त्यात पहिला फ्रीव्हीलचा. पेडल थांबलं की मागच्या चाकातून टिकटिक सुरू होते. ती आतल्या खटक्यांची असते, मेकॅनिक त्यांना कुत्ते म्हणतात. आपण उतारावर पेडल न मारता अलगद जातो आणि वाटतं, किती शांत! प्रत्यक्षात सायकल तेव्हाच सगळ्यात जास्त वाजत असते. उपाय साधा आहे: चाकाच्या वेगाला जुळेल इतपत पेडल पुढे फिरवत राहायचं, टिकटिक बंद होते. आवाज मारायला आत जाड ग्रीस मात्र भरू नका. कुत्ते चिकटतात, दाते धरत नाहीत आणि ऐन चढावर जोर दिला की पेडल रिकामं फिरतं.

रिम ब्रेक किंचाळत असेल तर रबराचं पुढचं टोक रिमला आधी टेकायला हवं. रबराच्या मागच्या टोकाखाली साधारण एक मिलिमीटर जाडीची पुठ्ठ्याची पट्टी सरकवा, ब्रेक दाबून धरा, नट आवळा, पट्टी काढून घ्या. त्याआधी रिम पुसून घ्या, कारण तेलकट रिमवर बसवलेलं रबर काहीही केलं तरी किंचाळतंच. मडगार्डचा खडखडाट बहुतेक वेळा एका सैल स्क्रूचा असतो, तिथे रबरी वॉशर घाला.

चालत्या सायकलवरून निरीक्षण करू नये, हे मात्र ठासून सांगायला हवं. ताशी पंधरा किलोमीटर वेगाने आपण सेकंदाला चार मीटरहून जास्त जातो. दोन सेकंद वर बघितलं की आठ मीटर रस्ता न बघता मागे पडला, आणि खड्ड्याला तेवढे पुरतात. चालताना काम कानांचं. इयरफोन अर्थातच नको. वेग वाढला की वारा कानात घोंघावतो आणि बारीक आवाज बुडतात, त्यामुळे झाडीच्या टप्प्यात वेग उतरवा. आठ किलोमीटरला ताशी वीसने चोवीस मिनिटं लागतात, पंधराने बत्तीस. ही आठ मिनिटं आणि एका थांब्याची दहा, एवढं लवकर निघालं की झालं.

थांबा ठरलेला असावा. रोज नवी जागा शोधण्यापेक्षा एकच उंबर वर्षभर बघावा असं माझं मत. त्याची फळं खोडाला आणि जाड फांद्यांना घोसाने लगडतात, ती पिकू लागली की तांबट, बुलबुल, हळद्या, कोकिळा हजेरी लावतात. फळं संपली की तेच झाड ओस पडतं. हा फरक रोज तिथून जाणाऱ्यालाच कळतो, सुट्टीत एकदा जाणाऱ्याला नाही.

सकाळी पूर्वेला जाणाऱ्याच्या डोळ्यांवर ऊन येतं, आणि संध्याकाळी त्याच वाटेने परतताना पुन्हा येतं. पक्षी नुसता काळा दिसतो. अशा वेळी रंग सोडा, आकार बघा. लांब, दुभंगलेली शेपटी घेऊन ताठ बसलेला कोतवाल. शेपटीतून मधली दोन पिसं टाचणीसारखी बाहेर आलेला, किडा टिपून बहुधा त्याच तारेवर परतणारा वेडा राघू. जड डोकं आणि लांब चोचीचा खंड्या. आसपास पाणी नाही म्हणून त्याला बाद करू नका, तो पाण्यापासून लांबही शिकार करतो.

दुर्बीण ८×३२ (आठपट मोठं दाखवणारी, पुढचं भिंग ३२ मिलिमीटरचं) पुरे. १०×५० जड, आणि पेडल मारून धाप लागलेली असताना दहापट चित्र फार थरथरतं. कोपर हँडलवर टेकवा. प्रवासात दुर्बीण कॅरिअरवर बांधू नका: हादऱ्यांनी आतले प्रिझम सरकतात आणि एकाचे दोन पक्षी दिसू लागतात. गळ्यात लोंबती ठेवली तर हँडलवर आपटते. पट्टा तिरका घालून ती पाठीवर घट्ट घ्या.

नोंदीत तारीख, वेळ, विजेच्या खांबाचा नंबर, संख्या आणि पक्षी काय करत होता एवढं लिहा. पक्ष्यांच्या नोंदी जमवणाऱ्या ‘ईबर्ड’ या संकेतस्थळावर टाकत असाल तर अख्ख्या प्रवासाची यादी करू नका. वाटेत सहज दिसलेले पक्षी ‘इन्सिडेंटल’मध्ये जातात. ठरलेल्या थांब्यावरची दहा मिनिटं ‘स्टेशनरी’, म्हणजे एका जागी थांबून केलेली नोंद, म्हणून नोंदवा आणि ओळखू आलेले सगळे पक्षी लिहा, कावळ्या-कबुतरांसकट.

संध्याकाळी परतताना साधा, पारदर्शक चष्मा घाला, चिलटं डोळ्यांत जातात. अंधार पडल्यावर डांबर बराच वेळ ऊबदार राहतं, त्यामुळे साप रस्त्यावर येऊन पडतात. दिसला तर चार-पाच मीटर अलीकडे थांबा, मागून येणाऱ्यांना हात दाखवा आणि तो आपणहून जाईपर्यंत वाट बघा. काठीने हलवायला जाऊ नका.