वेळासची कासवं आणि त्यांना राखणारे कायदे

हरिहरेश्वरकडून येत असाल तर बागमांडल्याला गाडी फेरीबोटीत चढवा, खाडीपलीकडे वेश्वीला उतरा आणि बाणकोटवरून वेळास गाठा. नाना फडणवीसांचं हे गाव. मुक्काम आम्ही गावातल्याच एका घरी केला, कारण पिल्लं पाहायची तर उजाडायच्या सुमारास किनाऱ्यावर हजर असावं लागतं.

इथे येतं ते ऑलिव्ह रिडले कासव. 1972 च्या वन्यजीव (संरक्षण) कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत ते वाघाच्या पंक्तीला बसलेलं आहे. शिकार केली तर 3 ते 7 वर्षं कैद. तरी कोकणात अंडी सर्रास उकरली जायची. रात्री ओसाड किनाऱ्यावर पहारा देणार कोण? वेळासला 2002 पासून तो चिपळूणची सह्याद्री निसर्ग मित्र संस्था आणि गावकरी यांनी दिला. पुढे कासव महोत्सव सुरू झाला, पाहुण्यांमुळे गावात चार पैसे आले आणि अंड्यांपेक्षा पिल्लांना किंमत आली.

वाळूतल्या खुणांवरून कासवमित्र घरटं शोधतात. अंडी साधारण शंभर-सव्वाशे. ती कुंपणातल्या हॅचरीत नेऊन दीड फूट खोल, तळाशी रुंद नि तोंडाशी अरुंद अशा खड्ड्यात पुरतात. हे पहिल्या काही तासांतच उरकावं लागतं: गर्भ कवचाच्या आत वरच्या बाजूला चिकटतो, त्यानंतर अंडं उलटंपालटं झालं तर तो दगावतो. 45 ते 60 दिवसांनी पिल्लं वर येतात. वाळू जास्त तापली तर माद्या जास्त निघतात. खड्ड्यावर टोपली पालथी घातलेली असते, म्हणजे पिल्लं भरकटत नाहीत. त्यांना थेट पाण्यात सोडत नाहीत, वाळूवरून चालू देतात.

समुद्रातला धोका जाळ्याचा. कासवाला श्वासासाठी वर यावंच लागतं; जाळ्यात अडकलं की बुडून मरतं. ते सोडवायला जाळं कापावं तर फटका मच्छीमाराला. राज्य सरकारने 2018 मध्ये अशा कापलेल्या जाळ्यासाठी 25,000 रुपयांपर्यंत भरपाई सुरू केली. पुरावा म्हणून सुटकेचे फोटो द्यावे लागतात. आजवरच्या नियमांत मला हा सर्वांत शहाणपणाचा वाटतो, कारण तो खलाशाला गुन्हेगार न धरता सोबतीला घेतो.

सीआरझेडच्या, म्हणजे किनारपट्टीवरच्या बांधकामाला आळा घालणाऱ्या, नियमांत कासवांच्या विणीचे किनारे सर्वांत संवेदनशील गटात येतात. तिथे बांधकाम वाढलं की दिवे येतात, आणि पिल्लं उजेडाकडे वळून जमिनीच्या दिशेने जातात. म्हणून टॉर्च आणि फ्लॅश बंद ठेवा. फेब्रुवारीअखेर ते एप्रिल हा काळ बरा, पण निघण्यापूर्वी गावात फोन करून घरटी फुटण्याचा अंदाज विचारा.